त्या घराची माया अजून कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून

सप्टेंबर संपत आला की हा प्रश्न येतोच. ऑफिसात डबा खाताना येतो, सासरकडच्या लग्नात येतो. एकदा तर बँकेत कर्जाचे कागद बघता बघता समोरच्या बाईंनी माझं जन्मगाव वाचलं आणि विचारलं, "किल्लारीकडच्या ना तुम्ही? ज्या घराखाली तुमची माणसं गेली, त्या घराबद्दल इतक्या मायेनं कसं बोलता?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण "लहानपणचं घर, आठवतंच की" एवढं बोलून मी सुटका करून घेते आणि मग रात्रभर स्वतःशी भांडत बसते. म्हणून एकदाच सगळं सांगते.

किल्लारीच्या भूकंपाची माहिती देत नाही. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपता संपता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आठ हजारांच्या आसपास माणसं. हे तुम्हाला पाठ आहे. तुम्ही टीव्हीवर जे पाहिलंत तो ढिगारा होता. घर तुम्ही पाहिलेलं नाही.

आमच्या वाड्याचा दरवाजा ठेंगणा होता, मोठ्या माणसाला वाकूनच आत यावं लागे. आत आलं की दोन्ही बाजूंना ढाळज, म्हणजे दारालगतची ओसरी. डावीकडे उंच ओटा, त्यावर आजोबांची बैठक, भिंतीत देवळी, देवळीत पंचांग आणि चुन्याची डबी. उजवीकडे खालच्या अंगाला बैलांची दावण. शेणाचा, कडब्याचा आणि तंबाखूचा मिळून जो वास यायचा तो मला अजून कुठल्याही घरात शिरताना आधी हवासा वाटतो. ढाळजेतून चौकात. चौकात रांजण, जातं, आणि कोपऱ्यात न्हाणी. पलीकडे सोपा, त्याच्या मागे माजघर, आणि माजघराच्या पोटात काळोखाचं बळद, ज्यात वर्षाची ज्वारी असे. माजघराला खिडकी नव्हती. वर माळवदात, म्हणजे छपराला, एक सानं होतं, हाताच्या ओंजळीएवढं भोक, त्यातून दुपारी उजेडाचा एक दांडा आत उतरायचा आणि त्यात धुळीचे कण फिरायचे. पाऊस आला की चुलता वर पळायचा आणि सान्यावर परात पालथी घालायचा. परातीवर पाऊस वाजायला लागला की आज्जी म्हणायची, "आलं बघ धान्य."

"पण अशी दगडमातीची घरं बांधायचीच कशाला?" हा दुसरा प्रश्न. याचा मला खरंच राग येतो. लातूर-उस्मानाबादेकडचा मे महिना ज्यानं पत्र्याखाली काढला नाही त्यानं हे विचारू नये. बाहेर ४२ अंश असताना त्या माजघरात घोंगडं लागायचं. दगड शेतातून निघायचा, माती गावच्या गढीची, सिमेंट परवडत नव्हतं. भिंती जाड कारण एके काळी दरोड्याची भीती होती, रझाकारांच्या दिवसांत तर त्या भिंतींनी माणसं वाचवली होती. तेव्हा आजोबा तरणे होते. त्यांच्या लेखी भिंत जेवढी जाड तेवढं घर शहाणं. भूकंप हा शब्द त्यांच्या हिशेबातच नव्हता. दख्खनचा दगड हलत नाही असं शिकलेली माणसंही मानत होती.

"पण आधी धक्के बसत होतेच ना?" होय, बसत होते. १९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन गुरगुरायची, त्या ऑक्टोबरात तर एक जोराचा बसला. किल्लारीची माणसं बाहेर झोपली, गाव हलवा म्हणून मागणी केली. आम्हीही काही रात्री चौकात काढल्या. मग थंडी आली, मग सुगी आली, मग धक्के थांबले. माणसं घरात परतली. तुम्ही नसता परतलात?

आता जे मी सहसा सांगत नाही ते.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, एवढं तुम्हाला माहीत असेल. खांबांवर तुळया, तुळयांवर किलच्या म्हणजे बारीक फळ्या, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. पण ती दर पावसात थोडी वाहून जाते, म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती चढवायची. आमच्याकडे तो सणच होता. गढीवरून माती आणायची, पाट्या भरून शिडीनं वर न्यायची, पसरायची आणि धुम्मसानं ठोकायची. लहान पोरांना लहान पाट्या. आज्जी खाली उभी राहून ओरडायची, "अजून दोन पाट्या टाका, गळंल ना माझं माजघर." वाहून जायची त्यापेक्षा जास्त माती आम्ही चढवत होतो. पिढ्यान् पिढ्या. पुढे इंजिनिअर लोकांनी पाहणी करून सांगितलं की या भागातली माळवदं कुठे कुठे दोन फुटांहून जाड झाली होती. त्यांच्या अहवालात तो आकडा आहे. त्यात माझ्याही पाट्या आहेत. त्या आठवड्यात अंगाला येणारा ओल्या मातीचा वास, धुम्मसाचा ताल, वरून दिसणारं तेरणेकाठचं हिरवं, हे माझ्या बालपणातलं सगळ्यात सुखाचं आहे. तेच वजन खाली आलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी माहीत आहेत. तुम्ही विचारता तेव्हा त्यातली एक निवडा असं म्हणता.

त्या रात्री घर भरलेलं होतं. आत्या तिच्या मुलाला घेऊन गणपतीला आलेली. विसर्जन उशिरा झालं, लेझीम खेळून पोरं दमली होती. एरवी मी आज्जीजवळ माजघरात झोपायची. आत्या आल्यामुळे तिथे जागा नव्हती, म्हणून मला आणि आतेभावाला ढाळजेत घातलं. माझा धाकटा भाऊ मात्र आज्जीला सोडायला तयार नव्हता. माझे वडील, अण्णा, शेतात राखणीला, आई आणि चुलता-चुलती सोप्यात.

आधी आवाज आला, जमिनीखाली कुणी गाडीभर दगड ओतल्यासारखा. मी उठले की उठवली गेले ते सांगता येत नाही. बैल दाव्याला हिसके देत होता. मग तोंडात माती. डोळे उघडून काही दिसत नव्हतं. नाकातोंडात जे गेलं होतं त्याची चव ओळखीची होती, ती आमच्या माळवदाची पांढरी माती होती. आतेभाऊ माझा दंड धरून ओरडत होता. आमच्या डोक्यावर काही पडलं नव्हतं. ढाळजेची बाहेरची भिंत रस्त्यावर गेली होती, पण खांब उभे होते, एक कलला होता, आणि त्यांच्यावर तुळया, तुळयांवर सगळं ओझं तसंच तोललेलं होतं. आम्ही त्या भिंतीच्या खिंडारातून बाहेर आलो.

सोप्यातली माणसं निघाली. आईचा हात मोडला होता. माजघर नव्हतं. तिथे मातीचा उंच ढीग होता आणि त्यातून आज्जीचा आवाज येत होता.

अण्णा शेतातून पळत आले तेव्हा उजाडत होतं. चुलता आणि ते दोघं खोऱ्यानं, मग हातांनी उकरत होते. दगड असता तर उचलून बाजूला ठेवला असता. माती काढली की वरची माती घसरून त्याच खड्ड्यात यायची. सुकी, बारीक, वर्षानुवर्षं ठोकलेली माती. शेजारचं कुणी मदतीला येईल म्हणून मी गल्लीत गेले, तर गल्लीच नव्हती, आणि प्रत्येक ढिगावर कुणीतरी वाकून हेच करत होतं. परत आले तेव्हा आज्जी अण्णांना नावानं हाक मारत होती. "पाणी पाजा लेकराला," असं एकदा स्पष्ट म्हणाली. म्हणजे भाऊ तिच्याजवळ होता. उन्हं अंगावर आली तेव्हा आवाज थांबला होता. अण्णा थांबले नाहीत. दुपारी तिघं मिळाले. आज्जी बळदाच्या भिंतीला टेकून होती आणि भाऊ तिच्या लुगड्यात. आत्या थोडी अलीकडे, दाराच्या दिशेनं.

गावात लाकूड कुठून आणणार? ज्याच्या त्याच्या घराच्या तुळया होत्या. आमच्या माजघरातली सागवानी तुळई आजोबांच्या वडिलांनी आणलेली. तिच्यावरच त्या तिघांना ठेवलं. पुढे पावसानं चिता नीट जळू दिल्या नाहीत. हे एवढंच सांगते.

आता तुमचा प्रश्न. घरानं माणसं घेतली हे खरं. पण मी ज्या ढाळजेत होते तीही त्याच घराची. ढाळज जुनी, पुरी खांबांवर उभी केलेली. माजघर आजोबांनी नंतर वाढवलं, तेव्हा लाकूड महाग झालेलं, म्हणून तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या. भिंत दोन पदरी, मध्ये गोटे आणि चिखल, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार जोडदगड कुठे नाही. हलली की दोन पदर दोन दिशांना जातात आणि वरचं सगळं मधे येतं. हे मला नंतर कळलं. पुढे सरकारनं गवंड्यांना जोडदगड घालायला शिकवलं, माळवदाची माती उतरवायला सांगितली. म्हणजे थोडं लाकूड, काही दगड आणि कमी माती, एवढ्याचा फरक होता. घर दुष्ट नव्हतं.

असं मी आज म्हणते. लातूरला हॉस्टेलवर होते तेव्हा मी नेमकं उलट म्हणायची. मैत्रिणी गावाकडच्या वाड्यांचं कौतुक करायला लागल्या की मी खोलीतून उठून जायची. ते घर जमीनदोस्त झालं ते बरंच झालं, असं मी एकदा अण्णांसमोर बोलले. ते काही बोलले नाहीत. हॉस्टेलवरच्या त्या मुलीला समजावायला मी आज खूप काही जमवलं आहे, खांब, जोडदगड, तुळया. ती ऐकून घेते आणि विचारते, "आज्जीचा आवाज ऐकताना हे कामाला आलं असतं का?" आणि मला तिला गप्प करता येत नाही. तिचं खोटं आहे असं मी म्हणतच नाही.

नव्या गावाबद्दलही विचारता, म्हणून सांगते. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणग्यांतून ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. आम्हाला ४५०. रस्ते सरळ आणि रुंद, ओळीनं एकसारखी घरं. भूकंपात ती पडणार नाहीत, हे मोठं काम झालं आणि मी ते कमी लेखत नाही. पण बैल कुठे बांधायचा ते कुणी ठरवलं नव्हतं. बायकांनी दारात बसावं तर समोर थेट रस्ता. ढाळज म्हणजे घरात असून गावात असण्याची जागा होती, ती त्या नकाशात नव्हती. अण्णा तर त्या पक्क्या घरातही झोपले नाहीत. बाजूला पत्र्याचं शेड मारलं आणि अजून तिथेच झोपतात, उन्हाळ्यात सुद्धा. डोक्यावर जड काही नको, एवढंच म्हणतात. माझी माया आणि त्यांचं शेड एकाच घरातून आलेली आहेत. तुम्ही माझ्याकडे मायेचा खुलासा मागता, त्यांच्याकडे शेडचा मागत नाही, कारण ती भीती तुम्हाला समजते.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं जुन्या घराचा नकाशा काढून मागितला. मी आणि आतेभाऊ कागद घेऊन बसलो. दरवाजा, ढाळज, दावण, चौक, सोपा, इथवर आमचं जमलं. बळदापाशी अडलं. मी म्हणते बळदाचं तोंड माजघरात होतं, म्हणूनच आज्जी तिथे टेकलेली सापडली. तो म्हणतो तोंड स्वयंपाकघराच्या बाजूला होतं, त्यानं स्वतः आत उतरून ज्वारी काढून दिली होती, आज्जी टेकली होती ती नुसती भिंत. आईला विचारलं तर ती म्हणाली, दोन्हीकडून होतं. अण्णांना विचारायचं का, यावर आमचं भांडण झालं. आतेभाऊ म्हणतो विचारू. मी म्हणते नको. मुलीनं बळदाला दोन दारं काढून ठेवली आहेत, पेन्सिलनं.