कंपनीकडून की स्वतः? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या जळगावच्या मेहरूण तलावावर फिरताना, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी पासबुक भरायला उभी असतानासुद्धा. "मॅडम, क्रूझला जायचं तर विमान आणि हॉटेल क्रूझ कंपनीकडूनच घ्यायचं, की आपलं आपण?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, होकार हवा असतो. शिवाय ताईची गोष्ट त्याने कुठून तरी अर्धीमुर्धी ऐकलेली असते. कंपनीवाले म्हणतात, कंपनी होती म्हणून तुमची ताई तरली. स्वतःवाले म्हणतात, कंपनीच्या नादी लागली म्हणून तिचं जहाज चुकलं. दोघांचा पुरावा एकच, आमची ताई! तेव्हा एकदाचं सगळं सांगते, म्हणजे पंगतीत निदान जिलबी तरी गरम खाता येईल.

पैशांचं आधी उरकते. कंपनी हॉटेलचा भाव माणशी सांगते, आपण मोबाईलवर बघतो तो खोलीचा असतो. पहिला आकडा लहान दिसला म्हणून भुलू नका, दोनाने गुणा. त्यात बंदरापर्यंतची बस धरलेली असते हे खरं, पण ती बस सगळी माणसं गोळा होईपर्यंत हलत नाही. विमानाचं म्हणाल तर कंपनीचं तिकीट कधी स्वस्त पडतं, कधी महाग, पण स्वस्तातलं बहुधा ऐन जहाजाच्या दिवशी पोचवणारं असतं. आणि परदेशी सहल पॅकेज म्हणून घेतली की टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, तोवर पैसे अडकून राहतात. झालं. पैशांबद्दल याहून जास्त मला विचारू नका, मी बँकेतून निवृत्त झालेय.

आता जे कोणीच विचारत नाही ते. कंपनीचं तिकीट जळगावहून सुरू होत नाही. धुळ्याहून नाही, नंदुरबारहून तर नाहीच. ते सुरू होतं मुंबईच्या विमानतळावर. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, आणि मध्ये कसारा घाट. भूमध्य समुद्रातल्या क्रूझचा हंगाम म्हणजे नेमका आपला पावसाळा. घाटात दरड आली, कल्याणपुढे रुळांवर पाणी साचलं आणि तुम्ही काउंटर बंद झाल्यावर पोचलात, तर कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पहिला टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पेही रद्द होतात, परतीच्या विमानासकट. तिथे तुमची जबाबदारी कोणी घेत नाही. आपल्याकडे आता जळगावहून मुंबईला विमान आहे, मान्य. पण त्याचं तिकीट वेगळं, पुढचं वेगळं. पहिल्याला उशीर झाला तर दुसरी विमान कंपनी हात वर करते, आणि तिचं चुकत नाही. म्हणून मी मुंबईत एक मुक्काम धरतेच. तो कंपनी देत नाही, देणारही नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं होतं. ताई धुळ्याची, माझ्याहून मोठी. दाजी निवृत्त, गुडघे कुरकुरणारे. पुण्याची भाची म्हणाली, "मावशी, आईबाबांना कंपनीकडूनच जाऊ दे. काही झालं तर कोणीतरी जबाबदार पाहिजे." मी तेव्हा पक्की स्वतःवाली. म्हटलं, दुप्पट पैसे देऊन जबाबदारी विकत मिळत नसते. भाची म्हणाली, मिळते. ताई गप्प होती, आणि ताई गप्प असली की ठरलेलं असतं.

तर जहाज एकच, खोल्या समोरासमोर, तिकिटं वेगळी. आम्ही दोघं एक दिवस आधी बार्सिलोनाला पोचलो. ताई-दाजींचं विमान जहाजाच्या दिवशीच दुपारी उतरणार होतं. ताईची एक बॅग मी सोबत नेली होती. तिच्या खोलीचा नंबर छापलेली पट्टी तिने धुळ्यातच बॅगेला स्टेपल करून, वर चिकटपट्टी मारून दिली होती. आत चिवडा, मेतकूट, दाजींची उशी आणि दोघांचे स्वेटर.

सकाळीच ताईचा मेसेज पाहिला, मुंबईहून निघण्याआधी टाकलेला. मुंबईचं विमान पावसाने तीन तास उशिरा सुटतंय, आखातातलं जोडविमान मिळणार नाही. पण कंपनीने दुसऱ्या विमानात नावं घातलीत, चारपर्यंत पोचू. जहाज सहाला सुटणार होतं, पण चढायचं दार दीड तास आधीच बंद होतं. अवघड होतं, अशक्य नव्हतं. आम्ही दुपारी जहाजावर चढलो, ताईची बॅगही स्कॅनरमधून गेली.

तीनच्या सुमाराला फोन आला. ताईच्या भारतीय सिमवर रोमिंग नव्हतं, विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागायचा आणि तो त्याच बंद सिमवर यायचा. शेवटी कुणा केरळच्या मुलाने आपला फोन दिला होता. ताई शुद्ध अहिराणीवर आलेली, म्हणजे घाबरलेली. "माय वं, कसं व्हई आते?" त्या दुसऱ्या विमानातही जागा मिळाली नव्हती. कंपनीचा माणूस म्हणत होता, आता बार्सिलोनाला जाऊन उपयोग नाही, तुम्हाला रोमला पाठवतो, जहाज तीन दिवसांनी तिथल्या बंदरात येईल, तिथे चढा. हॉटेल आम्ही बघतो. मग फोन त्या मुलाला परत द्यावा लागला.

आमचे हे म्हणाले, "उतरूया." मी खाली रिसेप्शनला गेले. तिथली मुलगी म्हणाली, दार बंद व्हायच्या आत सांगितलंत तर उतरता येईल, तुमचं सामान शोधून खाली पाठवू, पैसे परत मिळणार नाहीत. तिने घड्याळाकडे बघितलं नाही, पण मी बघितलं. हिशोब सरळ होता. ताई रोमला, आम्ही बार्सिलोनात. उतरून आम्हीही रोमचं तिकीट काढणार, ते मिळणार कधी, पोचणार कधी. तोवर ताई तिथे हॉटेलात असणार, कंपनी बघत असणार. आणि आमचे लाखभर रुपये पाण्यात. मी म्हटलं, नाही उतरायचं.

वर आले तर ताईची बॅग तिच्या बंद दाराबाहेर उभी. पट्टीवर तिचा खोली नंबर बरोबर होता, खलाशांनी बरोबर जागी आणून ठेवली होती. संध्याकाळी खोली आवरणाऱ्या मुलाने विचारलं, हे पाहुणे कुठे आहेत? मी सांगितलं, रोमला. त्याला ते विनोदी वाटलं.

पुढचं बंदर मार्सेय, ते मी पाहिलं नाही. म्हणजे उतरले, चर्चपर्यंत चढले, पण पाहिलं नाही. त्यापुढच्या जेनोआ बंदरातून ताईच्या रोमच्या हॉटेलच्या नंबरवर फोन लागला. दाजींच्या पायाला सूज, ताई दोन दिवस ब्रेड-चीजवर. विमानतळाजवळचं हॉटेल, आजूबाजूला नुसता महामार्ग. कंपनीचा फोन रोज यायचा, इंग्रजीतून, आणि "बंदरावर किती वाजता" एवढंच ताईला कळायचं. चिविटावेक्किया हे रोमचं बंदर म्हणवतात, पण रोमपासून ते सत्तरेक किलोमीटरवर आहे. कंपनीची गाडी आली, त्यांना घेऊन वेळेत पोचली. हे खरं आहे आणि मी ते कधी लपवलेलं नाही. दाजी वर आले आणि म्हणाले, "जेवण आहे ना अजून?" ताई नेपल्सपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

बोलली तेव्हा एवढंच, "तू रोमला येऊ शकली असतीस."

मी हिशोब सांगितला. तोच, जो रिसेप्शनसमोर केला होता. ताईने तो ऐकून घेतला. आजही घेते. तो बरोबर आहे असं दाजीही म्हणतात. ताईचं म्हणणं हिशोबाबद्दल नाहीच, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधीची मी म्हणाली असती, एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असले की झालं. मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं हे विमान कंपनीचंच काम, त्यासाठी क्रूझ कंपनी कशाला? त्या बाईचं बरोबरच होतं, पण अर्धंच. विमान कंपनी तुम्हाला तिकिटावर लिहिलंय तिथे पोचवते. म्हणजे बार्सिलोनाला, दुसऱ्या दिवशी, रिकाम्या धक्क्यावर. जहाज आता कुठे आहे, परवा कुठे असेल आणि तिथे तुम्हाला चढता येईल का, हे फक्त क्रूझ कंपनीच्या माणसाला माहीत असतं. ताईला रोमला वळवलं ते त्यामुळे. हे मी आज कबूल करते, आणि भाचीला अजून सांगितलेलं नाही.

पण लगेच टाळ्या पिटू नका. कंपनीकडून तिकीट घेतलं म्हणजे जहाज तुमच्यासाठी थांबतं, हा गैरसमज अजून गावभर आहे. बंदरात उतरल्यावर कंपनीच्याच सहलीच्या बसला उशीर झाला तर बहुधा थांबतात, विमानासाठी नाही. आणि पुढच्या बंदरात चढवणं हेही सगळीकडे जमत नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने प्रवासी अमेरिकेच्या एका बंदरातून चढवून दुसऱ्यात उतरवायचा नाही, मध्ये दूरच्या परदेशी बंदराला गेल्याशिवाय. म्हणजे सिएटलहून अलास्काचं जहाज चुकलं, तर अलास्कातल्या जुनोला जाऊन चढतो म्हणून भागत नाही, कारण उतरणार परत सिएटललाच. आणि जहाज शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांबाहेर, समजा तुर्कस्तानला, जाऊन परत येणार असेल तर आपल्याला एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवाच, तिकीट कुणीही काढलेलं असो. तो व्हिसा काढताना विमान-हॉटेलचे कागद मागतात, म्हणून हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या.

मग कंपनीने वाचवलं म्हणावं का? ताईला जहाजाच्या दिवशी पोचणारं विमान कोणी दिलं होतं? कंपनीनेच. आदल्या दिवशीचं मागितलं असतं तर मिळालं असतं, थोडं महाग. भाची म्हणते, मागायला हवं हे कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं होतं. पण मी स्वतःवाली, माझं कोण ऐकतं.

रोमच्या हॉटेलचं बिल कोणी भरायचं यावर किती महिने ई-मेल चालले ते विचारू नका. शेवटी काही विम्याने दिलं, काही ताईच्या खिशातून गेलं. हुकलेल्या तीन दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत.

आमचं मुंबईहून निघालेलं विमान आदल्या रात्री वेळेवर सुटलं, म्हणून माझी पद्धत शहाणपणाची ठरली. त्या रात्री पाऊस पडला असता तरी हातात एक दिवस होता, हे मी लोकांना सांगते. दोन दिवस पडला असता तर, हे कोणी विचारत नाही.

तर आता सिंगापूरचं चाललंय. ताईच म्हणाली, जाऊया. मुंबईहून थेट विमान, मध्ये चुकायला काही नाही, जहाज मलेशियाकडून फिरून परत सिंगापूरलाच येतं, त्यामुळे तिथेही दोनदा प्रवेश मिळणारा व्हिसा बघावा लागेल. ताई म्हणते, विमान क्रूझ कंपनीकडूनच घेऊ. मी म्हणते, आपण काढू, एक दिवस आधीचं. ती म्हणते, एक दिवस आधीचं कंपनीकडूनही मिळतं, तूच सांगितलंस. मी म्हणते, मग निदान चौघांचं एकाच बुकिंगमध्ये काढूया. यावर ती अजून हो म्हणालेली नाही. दाजींचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकलाय, तो आला की बघू.