२१२ फोन, एक सर्टिफिकेट

सकाळी साडेनऊला विक्री विभागातल्या मॅडमचा फोन आला. ऑफिसचा आयफोन टॅक्सीत राहिला होता, आणि त्यात सगळ्या ग्राहकांचे मेल. "काळजी करू नका, आत्ता लॉक करतो," म्हणालो आणि एमडीएमच्या, म्हणजे ऑफिसचे फोन दुरून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, कन्सोलवर लॉस्ट मोड लावला. त्याने हरवलेला फोन लॉक होतो आणि पडद्यावर आपला नंबर दिसतो.

पेंडिंग. पाच मिनिटांनी पाहिलं, तरी पेंडिंगच. फोन बंद पडला असेल म्हणून माझ्याच फोनला सिंकची कमांड पाठवली. तीही अडकली. मग यादी उघडली. २१२ च्या २१२ आयफोनचा शेवटचा संपर्क परवा रात्रीचा. ॲपल पुश सर्टिफिकेटची मुदत संपली होती.

आपला सर्व्हर फोनशी थेट बोलत नाही. ॲपलच्या पुश सेवेमार्फत तो फोनला फक्त जागं करतो, आणि जागा झालेला फोन स्वतः येऊन काम विचारतो. जागं करण्याचा हा परवाना एका वर्षाचा. तो संपला तरी मेल येतात, ॲप चालतात, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. ऑटोमेटेड डिव्हाइस एनरोलमेंट (नवा फोन आपोआप एमडीएममध्ये नोंदवणारी सोय) आणल्यापासून सीलबंद खोका थेट वापरणाऱ्याच्या हातात जात होता, फोन सुरू केला की आमच्या सेटिंग्जचं प्रोफाइल आपोआप बसत होतं. एका फोनमागे आमचा अर्धा तास वाचत होता. पण हे सगळं कुणाच्या नावावर उभं आहे, हे तपासायचं राहून गेलं होतं.

सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, नवीन अकाउंटवरून नवीन सर्टिफिकेट काढू का? दहा मिनिटांचं काम आहे."

"थांब. हात लावू नकोस."

नवीन सर्टिफिकेटचा टॉपिक, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरमाला, वेगळा असतो, आधीचे फोन त्याला जुमानत नाहीत. २१२ फोन पुसून पुन्हा एनरोल करावे लागले असते. जुनंच रिन्यू करायचं, तेही त्याच ॲपल अकाउंटवरून.

ते अकाउंट आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याने उघडलेलं. मुदतीची आठवण करून देणारे मेल त्याच्या बंद झालेल्या मेलबॉक्सकडे गेले होते. पासवर्ड आमच्याकडे नोंदवलेला होता, पण सहा अंकी कोड त्याच्या खासगी नंबरवर जाणार. तो नव्या नोकरीत मीटिंगमध्ये. चाळीस मिनिटांनी त्याने फोन उचलला आणि एकही प्रश्न न विचारता कोड वाचून दाखवला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ॲपलच्या सर्टिफिकेट पोर्टलवर तीन सर्टिफिकेटं दिसली, दोन जुन्या चाचण्यांची. चुकीचं रिन्यू केलं असतं तर सगळं मुसळ केरात. माझ्या फोनच्या सेटिंग्जमध्ये एमडीएम प्रोफाइलचा तपशील उघडला. त्यातला लांबलचक टॉपिक मी एकेक अक्षर वाचत गेलो, आणि तो मुलगा स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत गेला. मधलं जुळलं. सर्व्हरवरून विनंतीची फाइल घेतली, पोर्टलवर चढवली, मिळालेलं सर्टिफिकेट कन्सोलला दिलं.

११ वाजून ५२ मिनिटांनी माझा फोन सिंक झाला. बारा मिनिटांनी हरवलेल्या फोनवर लॉस्ट मोड लागला. पडद्यावर आमचा नंबर झळकला, आणि थोड्याच वेळात टॅक्सीचालकाने स्वतःच त्या नंबरवर फोन केला.

त्या सहकाऱ्याला पुन्हा लाइनवर घेऊन अकाउंटचा नंबर बदलला, आता तो ऑफिसच्या फोनचा आहे. मग एनरोलमेंटचं टोकन पाहिलं, म्हणजे ॲपलकडची आमच्या फोनची नोंद एमडीएमला जोडणारी फाइल. तेही वर्षाचंच असतं. १९ दिवस उरले होते, आणि ते काढलं होतं माझ्या एकट्याच्या खात्यावरून. जेवायला उठण्याआधी विभागाच्या खात्यावरून नवं टोकन घेतलं.