आमची वाटचाल : छतावरच्या झाकणांची

रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात सुरुवातीची अनेक वर्षे बसच्या खिडक्या आणि छतावरच्या आपत्कालीन झडपा यांचेच काम होत असे. वडिलांनी कळंबोलीला ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत हा गाळा भाड्याने घेतला. कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी किंवा मोटारीमागे जोडायचा ट्रेलर, हा शब्द आमच्याकडे आला तो घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या एका गृहस्थांमुळे. त्यांच्या मोटारीमागे जोडलेल्या जुन्या आयात ट्रेलरच्या छतावरचे एक झाकण द्रुतगती मार्गावर खालापूरच्या पुढे वाऱ्याने उडून गेले होते, आणि उघड्या भोकावर त्यांनी दुधाच्या पिशव्या फाडून चिकटपट्टीने लावल्या होत्या. उरलेली दोन झाकणे शाबूत दिसत होती. पण आमच्या फिटरमामांनी एकाच्या कडेवर अंगठा दाबला, तर पापडासारखा तुकडा हातात आला.

ही झाकणे बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. उन्हातील अतिनील किरणांनी हे प्लॅस्टिक ठिसूळ होत जाते आणि बाहेरून केवळ मळकट दिसणारे झाकण आतून मोडायला तयार असते. तेच जुने झाकण रंगवून देण्यापेक्षा पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लॅस्टिकची नवी झाकणे आपणच बनवावीत, असे मी ठरवले, कारण बसच्या कामासाठी घेतलेले शीट तापवण्याचे ओव्हन आणि निर्वात ओढीने आकार देणारे छोटे यंत्र गाळ्यात होतेच.

त्या निर्णयाची फी आम्ही तीन हप्त्यांत भरली. पहिल्या झाकणांत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे आले. पॉलिकार्बोनेट हवेतील ओल शोषून घेते, आणि आमची हवा तर खाडीकाठची. त्यामुळे शीट आकार देण्याआधी सुमारे 120 अंश सेल्सिअसला कित्येक तास वाळवावे लागते, हे ॲक्रिलिकवर हात बसलेल्या माणसाला सुचत नाही. दुसरी चूक मापाची होती : वाकड्या झालेल्या जुन्या झाकणाचे माप घेऊन साचा केला, तेव्हा नवे झाकण फ्रेमवर बसेना. अमेरिकी पद्धतीच्या व्हेंटमध्ये, म्हणजे फ्रेम आणि झाकण मिळून होणाऱ्या छतावरच्या हवेच्या झरोक्यात, छतातील भोक साधारण 14 इंच बाय 14 इंच असते, युरोपीय गाड्यांत 400 मिलिमीटरचे चौरस भोक बरेचदा आढळते, आणि एकाच मापाच्या भोकावरही बिजागरीची रचना वेगळी असू शकते. म्हणून आता आम्ही भोक, फ्रेमची कड आणि बिजागरीचा फोटो, तिन्ही मागवल्याशिवाय किंमत सांगत नाही.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. आम्ही वापरत असलेल्या शीटच्या एकाच बाजूला अतिनील किरण रोखणारा थर असतो आणि ती बाजू कोणती, हे वरच्या संरक्षक फिल्मवर छापलेले असते. आकार देण्यापूर्वी फिल्म काढावीच लागते. एका नव्या मुलाने सगळ्या शीटच्या फिल्म एकदम सोलून ठेवल्या, त्यामुळे थराची बाजू कोणती हे कळेनासे झाले, आणि मीही घाईत विचारले नाही. ती झाकणे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत हळदीच्या रंगाची झाली. गिऱ्हाइकांना आम्ही ती विनामूल्य बदलून दिली. त्या वर्षी दिवाळीला बोनस देण्यासाठी मला सोसायटीकडून कर्ज काढावे लागले. आजही फिल्म सोलण्याआधी शीटच्या कोपऱ्यावर मार्करने फुली मारली जाते, आणि ती मारणारा माणूस ठरलेला आहे.

2021 मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर चौकशा वाढल्या. तोपर्यंत झाकण हा या कामाचा सोपा भाग आहे, हे आमच्या लक्षात आले होते. हँडल फिरवून झाकण उघडायचे, उचलणाऱ्या दांडीचे टोक खाचेतून सोडवायचे आणि बिजागरी एका बाजूला सरकवून बाहेर काढायची. फ्रेम धड असेल तर एवढ्यात काम होते, आणि अशा वेळी गिऱ्हाइकाच्या गळ्यात संपूर्ण व्हेंट मारणे मला पटत नाही. फ्रेमची कड तडकलेली असेल तेव्हाच खरी मेहनत सुरू होते. पूर्वी कोणी सिलिकॉन फासलेले असते आणि त्याच्यावर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडावे लागते. रबरी छत असेल तर पेट्रोल किंवा थिनर जवळही आणायचा नाही, आणि पॉलिकार्बोनेटला तर थिनरने केसासारख्या चिरा पडतात. त्यानंतर फ्रेमखाली बुटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी), वरून स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कडेने आपोआप सपाट पसरणारे सीलंट. काशीद-अलिबागच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना आम्ही खाऱ्या हवेत जास्त टिकणारे 316 दर्जाचे स्टेनलेस स्क्रू लावतो. टेप उन्हात दबून बाहेर येते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी गाडी परत बोलावून स्क्रू हलक्या हाताने आवळतो. जोरात आवळले तर नवी कडही तडकते.

छत गळते म्हणून आलेली प्रत्येक गाडी गळत नसते, हेही सांगितले पाहिजे. दमट हवेत एसी जोरात चालवला की व्हेंटच्या थंड फ्रेमला आतून दव धरते आणि थेंब पलंगावर पडतात. त्यामुळे आधी वीस मिनिटे पाण्याचा पाइप छतावर सोडून आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवतो. पाणी दिसले नाही तर दुरुस्ती करत नाही, फक्त तपासणीचे पैसे घेतो. काही जण त्यावरूनही हुज्जत घालतात.

आमच्या गाळ्याचे शटर दहा फुटांचे आहे, आणि छतावर एसी असलेला ट्रेलर त्याखालून जात नाही. त्यामुळे छताचे सारे काम अजून अंगणात, फळ्या टाकून त्यांवर गुडघे टेकून चालते, आणि जून लागला की चारी बाजूंना ताडपत्री बांधावी लागते. उंच शटरचा गाळा महापे बाजूला पाहून ठेवला आहे; अनामत रक्कम मात्र अजून जमायची आहे.