बाबांची ईपी स्टडी
ईपी स्टडी, म्हणजे हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या संदेशांची तपासणी, झाली एकदाची आज! मंडईत भाजी घेताना बाबा धाडकन पडले तेव्हापासून जीव टांगणीला होता, ईसीजी नॉर्मल, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, २४ तासांचा होल्टरही (अंगावर लावून ठोके नोंदवणारं मशीन) नॉर्मल, कारण त्या २४ तासांत चक्कर आलीच नाही तर मशीन तरी काय पकडणार. आज मांडीच्या शिरेतून बारीक वायरी हृदयापर्यंत नेऊन मुद्दाम ठोके वाढवून बघितले, बाबा जागेच होते, म्हणाले छातीत नुसती धडधड झाली. काही सापडलं नाही. हृदय बाकी धडधाकट असेल तर पुढचा धोका कमीच असतो म्हणे, हे ऐकून आई रडलीच. पण ठोके मधेच मंदावत असतील तर ते या टेस्टमध्ये सुटू शकतं, म्हणून परत पडले तर छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) बसवायचा, तो साधारण ३ वर्षं चालतो. तोवर टू-व्हीलर बंद, बाबा कितीही चिडू देत.