पॅरिसमधल्या खुर्च्या, पाठीकडून पाहिलेल्या

अठराव्या शतकातले फ्रेंच फर्निचर पाहायला पॅरिसला जाणारे बहुतेक जण व्हर्सायच्या राजवाड्याकडे वळतात. माझा आग्रह आहे की त्यांनी आधी माँसो बागेच्या कडेला असलेले नीसिम द कामाँदो संग्रहालय पाहावे. इस्तंबूलहून पॅरिसला आलेल्या ज्यू सावकार घराण्यातल्या मोईझ द कामाँदो यांनी व्हर्सायच्या ‘पती त्रियानों’ या छोट्या महालावरून स्फूर्ती घेऊन १९११ ते १९१४ या काळात हे घर बांधून घेतले आणि आयुष्यभर जमवलेल्या अठराव्या शतकातल्या वस्तू त्यात मांडल्या. मुलगा नीसिम १९१७ मध्ये हवाई लढाईत मारला गेला. ज्याच्यासाठी हे सारे जमवायचे तोच उरला नाही, म्हणून मोईझ यांनी हे घर त्याच्या नावाने देशाला दिले. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी संग्रहालय खुले झाले. त्यांची मुलगी बेआत्रीस, जावई आणि दोन्ही नातवंडे पुढे ऑशवित्झच्या नाझी छळछावणीत नेली गेली आणि परतली नाहीत. हे कळल्यावर त्या दालनांतून चालताना पाऊल आपोआप हलके पडते.

मांडणी जशी होती तशीच ठेवावी, अशी मोईझ यांची अट होती. त्यामुळे इथल्या खुर्च्या एखाद्या गोदामातल्यासारख्या रांगेत उभ्या नाहीत. त्या भिंतीपाशी, टेबलापाशी, शेकोटीपाशी आहेत, आणि खुर्चीचा घाट कशावरून ठरतो याचे उत्तर नेमके या जागांमध्ये आहे.

त्या काळच्या फ्रेंच दिवाणखान्यात हात असलेल्या खुर्च्यांचे दोन वर्ग होते. सपाट पाठीच्या खुर्चीला ‘आ ला रेन’, म्हणजे राणीच्या पद्धतीची, असे नाव होते. अशा खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या असत, त्या सहसा हलवल्या जात नसत, आणि त्यांच्या पाठीची महिरप भिंतीवरच्या लाकडी चौकटींच्या नक्षीशी जुळवलेली असे. दुसऱ्या वर्गाचे नाव ‘काब्रिओले’. त्यांची पाठ आतल्या बाजूला अर्धगोल वळलेली, बांधणी लहान आणि हलकी. गप्पा जिथे रंगतील तिथे त्या ओढून न्यायच्या. म्हणून सपाट पाठ दिसली की मी भिंतीकडे पाहतो आणि वळलेली पाठ दिसली की त्या खोलीत माणसे कशी बसत असतील याचा विचार करतो. हात आणि बैठक यांच्यामधली जागाही गादीने बंद केली की तिची ‘बेर्झेर’ होते, आणि माझ्या मते आरामासाठी बनवलेली इतकी देखणी वस्तू युरोपात क्वचितच झाली असेल.

पंधराव्या लुईच्या शैलीत सरळ रेषा जवळजवळ नाहीतच. पाय नागमोडी असतात आणि पायाचे वळण बैठकीच्या चौकटीत कुठे मिसळते ते डोळ्यांना सापडत नाही. हातांचे खांब पुढच्या पायांच्या रेषेत न ठेवता मागे घेतलेले असतात, कारण बायकांच्या घेरदार झग्यांना जागा हवी होती. सोळाव्या लुईच्या शैलीत पाय सरळ, खाली निमुळते आणि उभ्या पन्हळींचे होतात, पाठ चौकोनी किंवा लंबगोल होते. राजांची नावे मात्र फार काटेकोरपणे घेऊ नयेत, कारण ही सरळ रेषांची आवड सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर येण्याच्या आधीच पॅरिसमध्ये रुजली होती.

या घरात मी सर्वांत जास्त वेळ ‘व्हॉयेझ’ नावाच्या बुटक्या आसनांपाशी थांबलो. झाँ-बातिस्त-क्लोद सने या कारागिराने ती १७८९ मध्ये राजाची बहीण मादाम एलिझाबेथ हिच्यासाठी बनवली. पत्त्यांचा डाव पाहणाऱ्या स्त्रीने बैठकीवर गुडघे टेकायचे आणि पाठीच्या वरच्या गादीदार पट्टीवर कोपर ठेवायचे, इतक्याच कामासाठी हे आसन आहे. जिथे नुसते पाहत राहण्यासाठीही वेगळे आसन घडवले जात होते, त्या दरबाराबद्दल हे आसन पुष्कळ काही सांगते.

संग्रहालयात खुर्ची उलटी करून पाहता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शहराच्या पूर्वेला फोबूर सँ-आंत्वान या सुतारांच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथल्या एका कार्यशाळेत जुन्या बेर्झेरचा कापड उतरवलेला सांगाडा टेबलावर पालथा ठेवला होता. बीचचे लाकूड, एकाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले आणि वरून लाकडी खुंटी ठोकून पक्के केलेले. मागच्या पट्टीवर कारागिराच्या नावाचा पुसट ठसा होता आणि त्याच्या शेजारी संघाची तपासणी झाल्याची खूण. पॅरिसच्या सुतारसंघाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा ठसा सक्तीचा केला होता. कडेच्या लाकडाला शेकडो बारीक छिद्रे होती; दर पिढीने कापड बदलले, तेव्हा नवे खिळे ठोकले गेले होते.

तिथल्या कारागीर बाईंनी तागाच्या पट्ट्या ताणल्या, त्यावर जाड कापड घातले आणि घोड्याचे केस हाताने पिंजून पसरले. मग दोन्ही टोकांना अणी असलेली लांब सुई खालून वर, वरून खाली नेत त्यांनी बैठकीची कड शिवत आणली, तशी ती हळूहळू घट्ट आणि धारदार झाली. जुन्या बैठकीत स्प्रिंग नसते, ती एकोणिसाव्या शतकात आली. म्हणून बसण्याचा सारा आधार या शिवणीचा असतो.

अशी खुर्ची एकट्या माणसाची कधीच नसे. सांगाडा सुताराचा, नक्षी कोरणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा, गादी भरणारा वेगळा. मुलामा देणारा लाकडावर खडू आणि सरस यांचे थर चढवी, थरांखाली बुजलेली नक्षी पुन्हा कोरून काढी, त्यावर तांबडी माती लावी, मग सोन्याचा वर्ख बसवून अकिकाच्या दगडाने घोटी. ठसा मात्र फक्त सुताराचा असतो, आणि बाकीच्या हातांची नावे बहुतेक वेळा हरवली आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

१७९१ मध्ये क्रांतीने कारागिरांचे संघ मोडीत काढले. राजघराण्यासाठी काम केलेला सुतार झॉर्झ झाकोब मात्र टिकला आणि त्याने क्रांतिकारकांच्या राष्ट्रीय सभेसाठीही फर्निचर बनवले. १७९६ मध्ये त्याने व्यवसाय मुलांच्या हाती दिला आणि त्यांच्यापैकी एकाची पेढी पुढे नेपोलियनची पुरवठादार झाली. पॅरिसजवळच्या माल्मेझों या नेपोलियन आणि जोसेफिनच्या वाड्यात जाऊन त्या काळच्या महोगनीच्या खुर्च्या पाहाव्यात. पुढचे पाय ताठ आहेत, मागचे तलवारीसारखे मागे वळलेले आहेत आणि पाठीचा सगळा भार त्या वळणावर तोललेला आहे.