ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर दुपारचं जेवण

इंग्लंडला निघालेल्या माणसाला पब बघायचा असतो तो ठेंगण्या दाराचा, काळ्या तुळयांचा, शेकोटीशेजारी कुत्रा झोपलेला. साखळीतला पब मुद्दाम बघायला कुणी जात नाही, आणि वेदरस्पून या साखळीतला तर नाहीच. ब्रिटनभर त्यांचे सुमारे ८०० पब आहेत, बहुतेक गावांच्या मुख्य रस्त्यावर एखादा सापडतोच. लोक त्याला ‘स्पून्स’ म्हणतात. स्वस्त खाणं, स्वस्त बिअर एवढीच त्याची ख्याती. पण केंटमधल्या टनब्रिज वेल्सला गेलात तर मी म्हणेन, आधी तिथल्या स्पून्समध्ये जा. तो पब १९०२ साली उघडलेल्या ऑपेरा हाऊसमध्ये आहे आणि आत शिरल्यावर ते नाट्यगृह अजून नाट्यगृहासारखंच दिसतं.

लंडन ब्रिजहून तासाभरात गाडी पोचते. माझी भाची लंडनला नोकरी करते, तिला सुट्टी होती म्हणून दोघी निघालो. स्टेशनातून बाहेर पडून माउंट प्लेझंट रस्त्याचा चढ चढायला लागलं की थोड्याच वेळात घुमट दिसतो. तळमजल्यावर दुकानं, वर लाल विटांची भारदस्त इमारत. दारावर पबची पाटी नसती तर आत तिकीट काढावं लागेल असंच वाटलं असतं.

आत गेलो आणि मी मान वर करून उभीच राहिले. अर्धवर्तुळाकार सज्जे, त्यांच्या कठड्यांवर प्लास्टरची नक्षी, बाजूला पूर्वी श्रीमंतांसाठी राखून ठेवलेले बॉक्स, आणि समोर रंगमंचाची भव्य कमान. खाली जिथे खुर्च्यांच्या रांगा असतील तिथे आता टेबलं. रंगमंचावरही टेबलं. लोक तिथे बसून निवांत चिप्स खात होते. “आत्या, आपण वर बसू या,” भाची म्हणाली आणि आम्ही पायऱ्या चढून थेट रंगमंचावर गेलो. नटाला प्रेक्षागृह कसं दिसत असेल, याची इतकी स्पष्ट कल्पना मला कधीच आली नव्हती. सज्जे आपल्यावर झुकल्यासारखे वाटतात. बालगंधर्वांच्या काळी, माईक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं म्हणजे काय, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

पबचे रिवाज नवख्या माणसाला आधी सांगायला हवेत. इथे वेटर ऑर्डर घ्यायला येत नाही. टेबल धरायचं, त्यावरचा नंबर लक्षात ठेवायचा, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच द्यायचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बारमागची मुलगी विचारते तेव्हा लोक स्वतःहून “आधी यांचं घ्या” म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवतात. ज्यांना उठायचं नाही त्यांच्यासाठी अॅप आहे. नंबर टाका, थाळी टेबलावर येते. टिप ठेवायची पद्धत नाही.

बारवरचे उंच लाकडी दांडे ही बघण्यासारखी गोष्ट. त्या हातपंपांतून जी ‘एल’ ही इंग्लिश बिअर येते ती पिंपातच मुरत असते, वरून गॅस मारलेला नसतो. बारमागच्या मुलीने दांडा सावकाश, सगळ्या अंगाचा जोर लावून ओढला. ग्लासात आधी ढगाळ तपकिरी भोवरा उठला, मग खालून वर तो निवळत गेला आणि काठाशी बोटभर फेस उरला. तिने एक क्षण थांबून अजून थोडा दांडा ओढला आणि पाइंटचं माप पुरं केलं. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आम्ही दोघींनी अर्धा अर्धाच घेतला. ही बिअर बर्फासारखी थंड नसते, तळघराच्या तापमानाला, म्हणजे बारा अंशांच्या आसपास देतात. आपल्याकडच्या थंडगार बिअरची सवय असेल तर पहिला घोट विचित्र लागेल. दुसऱ्या घोटाला मात्र हॉप्स या बिअरमधल्या फुलांचा कडवटपणा आणि मागून भाजक्या धान्याचा गोडवा येतो, तो थंड बिअरमध्ये दबून जातो. न पिणाऱ्यांचीही सोय आहे. कॉफीचा कप एकदा घेतला की पुन्हा पुन्हा भरून घेता येतो, म्हणून सकाळी आठ-नऊ वाजल्यापासून पेपर घेऊन बसलेली वयस्कर मंडळी इथे हमखास दिसतात.

आम्ही गेलो तो गुरुवार होता, म्हणजे ‘करी क्लब’चा दिवस. भाचीने चिकन टिक्का मसाला मागवला. भात, नान आणि पापड, सोबत एक पेय, सगळं एकाच किमतीत. मी सालासकट भाजलेला मोठा बटाटा घेतला, वर टोमॅटोच्या रसातल्या बीन्स आणि चीज. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, मेनूवर खूण असते. प्रत्येक पदार्थापुढे कॅलरीचा आकडाही छापलेला असतो, कारण २०२२ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या उपाहारगृहांना तो कायद्याने द्यावा लागतो. टिक्का मसाल्याचा घास मी चाखला. गोडसर, मलईदार, आपल्या घरच्या रश्शाशी नातं नसलेली चव. पण ती ब्रिटनची स्वतःची करी आहे, आणि आजूबाजूच्या बहुतेक टेबलांवर तीच दिसत होती.

एक गोष्ट जरा उशिरा ध्यानात आली: गाणी वाजत नव्हती. या साखळीच्या पबमध्ये सहसा संगीत लावत नाहीत. ऐकू येतो तो फक्त माणसांचा आवाज, सुरी-काट्यांचा आवाज. त्यामुळेच शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी बोलणं जमलं. लहानपणी शनिवारी सकाळी ते इथे सिनेमाला यायचे. नंतर इथे बिंगो, म्हणजे आपली हौजी, सुरू झाला तेव्हा त्यांची आई मैत्रिणींबरोबर आकडे खोडायला यायची. आता ते पेन्शनर मित्रांबरोबर जेवायला येतात. “कुठे बसायची?” मी विचारलं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि डाव्या हाताच्या सज्ज्याखालचा एक कोपरा दाखवला. तिथे आता एक तरुण जोडपं बाळाला भरवत होतं.

नाटक, सिनेमा, बिंगो, पब. हा क्रम ऐकताना मला मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस आठवत होतं. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, पुढे सिनेमा, मग १९९३ ला दारं बंद. ते २०१६ मध्ये पुन्हा उघडलं हे आपलं भाग्य. माझ्या माहेरच्या गावच्या टॉकीजला ते भाग्य लाभलं नाही. तिथे आज व्यापारी संकुल आहे आणि टॉकीजचा पडदा कुठल्या बाजूला होता हे सांगणारं कुणी भेटत नाही. टनब्रिज वेल्सचं ऑपेरा हाऊस नव्वदच्या दशकात पब झालं म्हणून वाचलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या इमारतीत रोज शेकडो माणसं येतात तिचं छप्पर गळू देणं मालकाला परवडत नाही.

या कंपनीने हेच ठिकठिकाणी केलं आहे. पहिला पब टिम मार्टिन यांनी १९७९ साली उत्तर लंडनच्या मसवेल हिलमध्ये काढला. नावातला ‘वेदरस्पून’ हा न्यूझीलंडमधल्या शाळेतल्या त्यांच्या एका शिक्षकाकडून घेतलेला. पुढे बँका, टपाल कचेऱ्या, चित्रपटगृहं, क्वचित चर्चसुद्धा, अशा रिकाम्या पडलेल्या मोठ्या वास्तू त्यांनी घेतल्या. रॅम्सगेटच्या समुद्रकाठचं रॉयल व्हिक्टोरिया पॅव्हिलियन असंच ओस पडलं होतं. २०१७ मध्ये तिथे त्यांचा सर्वांत मोठा पब सुरू झाला. जागा मोठी, खरेदी घाऊक, म्हणून दर कमी. भिंतींवर त्या त्या गावाच्या इतिहासाची चित्रं आणि माहिती लावलेली असते, आणि जमिनीवरचा गालिचा जवळजवळ प्रत्येक पबचा वेगळा, खास विणून घेतलेला. त्या गालिच्यांचे फोटो जमवणारे हौशी लोकही आहेत.

या दरांपुढे गावातल्या छोट्या, एकट्या मालकाच्या पबचा टिकाव लागणं कठीण होतं, ही तक्रार इंग्लंडमध्ये जागोजागी ऐकू येते आणि ती खरी आहे. म्हणून संध्याकाळचं अर्धं पाइंट आम्ही मुद्दाम एका छोट्या पबमध्ये घेतलं. पण ऑपेरा हाऊसमध्ये मी पाहिलं ते असं: पेन्शनर, बांधकामावरचे मजूर, बाळ घेऊन आलेले आईबाप, कॉलेजची पोरं, सगळे त्या नक्षीदार छताखाली शेजारी शेजारी बसून जेवत होते. एकेकाळी इथला बॉक्स परवडणारी माणसं मोजकीच असतील.

जेवण झाल्यावर पॅन्टाइल्सकडे उतरलो. खांबांची ओळ असलेली ही जुनी बाजारपेठ ज्या झऱ्यामुळे वसली तो १६०६ मध्ये लॉर्ड नॉर्थ यांच्या नजरेला पडला. पाण्यात लोह आहे, दगडावर गंजाचा लालसर थर बसलेला दिसतो. आजार बरे व्हावेत म्हणून लंडनचे बडे लोक इथे येत, त्यातून गाव वाढलं आणि १९०९ मध्ये त्याच्या नावापुढे ‘रॉयल’ लागलं. तासाभरात बघून होतं.

जाणार असाल तर दोन गोष्टी. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, बारवर वयाचा पुरावा मागतात. आणि वर्षातून एखाद्या दिवशी टेबलं हलवून इथे खरोखरीचा ऑपेरा होत आला आहे, तेव्हा तारीख जुळते का ते आधी पाहा. एरवी आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी बाराच्या आत पोचा, म्हणजे रंगमंचावरचं टेबल मिळेल. खुर्ची प्रेक्षागृहाकडे तोंड करून घ्या.