मागावरचा लसावि

आमच्या वर्गात मराठी ही सगळ्यांची शाळेची भाषा होती, घरची मात्र निम्म्यांचीही नव्हती. सोलापूरच्या साखर पेठ, अशोक चौकाकडून येणारी आम्ही पद्मशाली विणकरांची मुलं घरी तेलुगू बोलायचो. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. कुणाचे वडील मागावर, कुणाचे रेल्वेत, कुणाची आई विड्या वळणारी. पुस्तक सगळ्यांना एकच आणि परीक्षाही एकच. अशा वर्गाला एकाच रीतीनं, एकाच वेगानं शिकवत राहिलं असतं तरी कुणी शिक्षकांना बोल लावला नसता. पण आपल्या शाळेत गणिताचे सर होते आणि इतिहासाच्या बाई होत्या. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला हे दोघेच आधी आठवले.

सहावीत सरांनी लसावि शिकवला. फळ्यावर मूळ अवयव पाडले, रीत नीट मांडली. निम्म्या वर्गाला ती कळली, उरलेल्यांनी वहीत उतरवून घेतली. सरांना आमच्या चेहऱ्यांवरूनच काय ते समजलं असावं. दुसऱ्या दिवशी ते चादरीचा एक तुकडा, चौकटीचा कागद आणि जेकार्डच्या जुन्या पत्त्यांची माळ घेऊन वर्गात आले.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. जेकार्ड म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेली यंत्रणा. तिच्यात प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचा एक पत्ता. पत्त्यावर भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो आणि मधून धोटा निघून जातो. पत्ते एकमेकांना ओवून माळ केलेली असते. ती फिरत राहते आणि नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. आमच्या घरी हे रोज डोळ्यांसमोर होतं. मी कांड्या भरायला बसायचे तेव्हा ती माळ डोक्यावर खडखडत असायची. तिच्यात गणित आहे हे मात्र सरांनी दाखवलं तेव्हा दिसलं.

सरांनी विचारलं, “वीण दर ४ फेऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून येते. रंगाचा पट्टा दर ६ फेऱ्यांनी येतो. दोन्ही पुन्हा एकदम किती फेऱ्यांनी सुरू होतील?” एका गटाला त्यांनी चौकटी रंगवायला दिल्या. दुसऱ्या गटाचे दोन भाग करून टाळ्या वाजवायला लावल्या, एका भागानं दर चौथ्या ठोक्याला, दुसऱ्यानं दर सहाव्या. तिसऱ्या गटानं फळ्यावरच्या रीतीनंच सोडवायचं. रंगवणारे बाराव्या ओळीवर थांबले. बाराव्या ठोक्याला दोन्ही टाळ्या एकदम पडल्या. रीतीनं सोडवणाऱ्यांचंही उत्तर १२. मागच्या बाकावर एक मुलगा होता, शाळा सुटली की कारखान्यात वडिलांच्या हाताखाली थांबायचा, वर्गात त्याचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता. त्यानं आपणहून उठून सांगितलं की वीण ८ फेऱ्यांची केली तर २४पर्यंत जायला लागेल. सरांनी त्याला पुढे बोलावलं. त्यानं मराठीत सुरुवात केली, अडला, आणि सर म्हणाले, “तेलुगूत सांग, ही सगळी तुझीच माणसं आहेत.” तो तेलुगूत बोलला, आमच्यातल्या एकीनं ते मराठीत सांगितलं.

आणि मग सरांनी गट बदलले. रंगवणाऱ्यांना फळ्यावरची रीत करायला लावली, रीतवाल्यांच्या हातात रंग दिले. तेव्हा आम्हाला वाटलं, उत्तर आलंय, आता हे कशाला? आज मला वाटतं की त्या तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती.

बाईंचंही असंच. आठवीत स्वातंत्र्यलढा होता, आणि सोलापुरात तो शिकवायचा म्हणजे १९३०चा मार्शल लॉ, इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी कायदा, आलाच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं, हे चार नावांसकट पाठ करून मोकळं होता आलं असतं. बाई आम्हाला चार पुतळ्यांपाशी घेऊन गेल्या. परत आल्यावर कुणी त्या दिवसांची बातमी लिहायची, कुणी शहराचा नकाशा काढून घटना कुठे घडल्या ते दाखवायचं, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचं आणि वर्गात सांगायचं. मी नकाशा घेतला, कारण चित्र काढायला मला आवडायचं आणि बोलायला नको वाटायचं. पुढच्या धड्याला बाईंनी मला तोंडी सांगायला उभं केलं. पाय कापत होते, पण बाई शेजारी उभ्या राहिल्या, आणि मी बोलले.

माझ्या बाकावरची मैत्रीण संध्याकाळी आईबरोबर विड्यांना बसायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळे हात थांबवून चालायचं नाही. तिचा गृहपाठ कधीच पुरा नसायचा. बाईंनी तिला शिक्षा केली नाही. धाकट्या भावानं धडा मोठ्यानं वाचायचा, हिनं काम करता करता ऐकायचा आणि सकाळी बाईंना सांगायचा, असं ठरवून दिलं. तिला धडेच्या धडे तोंडपाठ व्हायचे. पण म्हणून बाईंनी तिचं लिहिणं सोडून दिलं नाही. मधल्या सुट्टीत रोज पाच ओळी, आधी बोलायच्या आणि मग त्याच लिहायच्या. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलांना धडा हवा तेव्हा ऐकता-पाहता येऊ लागला. २०२०मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा मला पहिली आठवण आली ती मोठ्यानं धडा वाचणाऱ्या त्या धाकट्या भावाची.

आता मी स्वतः दक्षिण सोलापूर तालुक्यात शिकवते. माझ्या वर्गात बहुतेक मुलं घरी कन्नड बोलतात. प्रशिक्षणांत आम्हाला सांगितलं जातं की मुलांची चाचणी घ्या, कोण पाहून शिकतं, कोण ऐकून, कोण हातानं करून, ते ठरवा आणि त्याप्रमाणे शिकवा. त्यामागची तळमळ मला कळते, पण मुलाच्या कपाळावर असा शिक्का मारणं मला पटत नाही. २००८मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी अशा अध्ययनशैलींवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं तो जास्त शिकतो असं म्हणायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. या संदर्भात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव नेहमी घेतलं जातं. त्यांनी १९८३मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते ही, कल्पना मांडली, पण ती म्हणजे अध्ययनशैली नव्हे, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. मुलांना आवडीनिवडी असतात, मलाही होती. पण नकाशा कसा आहे हे पाहूनच कळतं आणि कविता ऐकल्याशिवाय कळत नाही, मग मूल कोणतंही असो. आवडीच्या वाटेनं मुलाला आत घ्यावं आणि आत आल्यावर बाकीच्या वाटाही चालायला लावाव्यात, हे सर आणि बाई कुठल्याही चाचणीशिवाय करत होते. त्यासाठी त्यांना एकच गोष्ट लागायची, प्रत्येक मुलाचं घर माहीत असणं. त्या दोघांनी आमची घरं पाहिलेली होती. सर तर आमच्या मागाशेजारी उभे राहून वडिलांशी सुताच्या भावाबद्दल बोलत असत.

शहराच्या पूर्वभागातले कितीतरी माग आता बंद झाले. पत्त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संगणकावर चालणारं जेकार्ड आलं. आजच्या सहावीतल्या मुलांनी पत्त्यांची माळ पाहिली असेलच असं नाही. माझ्या भावाच्या कारखान्यात एक जुना माग अजून चालू आहे. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. यंदा दिवाळीनंतर लसाविचा धडा आला की सहावीचे दोन्ही वर्ग तिथे यावेत, चौकटीचे कागद आणि रंग आम्ही देऊ. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याकडे छापखाना, गॅरेज, बेकरी, शेत असं काही आहे, त्यांनी कुठल्या इयत्तेला काय दाखवता येईल ते शाळेच्या कार्यालयात नोंदवावं. मुलं आली की त्यांना हात लावू द्या, आणि परत जाताना त्यांनी पाहिलेलं लिहून काढायला वेळ द्या.